शेततळ्यात मासे सोडताना

आमचं रान पन्हाळा तालुक्यात, कासारीच्या खोऱ्यात. उसाच्या ठिबकसाठी तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं काढलंय, आत ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. एवढं पाणी साठतंय तर त्यात मासे सोडायचे, हे घरात आधीच ठरलं होतं. कुठले सोडायचे, यावर मात्र वाद झाला. पुतण्या मनालीला जाऊन आला होता. तिकडं पतलीकुहलला त्यानं ट्राऊट खाल्ला आणि आल्यापासून एकच धोशा लावला : "आण्णा, ट्राऊटच सोडूया की. कोल्हापुरात कुणाकडंच नाही."

कुणाकडं का नाही, ते मी शोधून काढलं. ट्राऊट हा गार पाण्यातला मासा. इंग्रजांनी गळ टाकायच्या हौसेपायी तो काश्मीर आणि निलगिरीच्या ओढ्यांत आणून सोडला. आज हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीममध्येही त्याची शेती होते. त्याला १० ते १८ अंशांचं पाणी मानवतं. विशीच्या वर गेलं की तो मलूल होतो, पंचविशीच्या पुढं तगणं मुश्कील. शिवाय पाणी सतत वाहतं लागतं, कारण त्याला प्राणवायू भरपूर हवा. मी थर्मामीटर सुतळीला बांधून तळ्यात सोडायचो आणि आकडे वहीत लिहायचो. थंडीतल्या पहाटेलाच पाणी विशीच्या आसपास, आणि एप्रिलातल्या दुपारी वरचा थर तिशीला टेकलेला. वही पुतण्यापुढं ठेवली. पोरगं समजूतदार आहे, त्यानं हट्ट सोडला आणि पुढच्या सगळ्या कामात माझ्याबरोबर राबलं.

मग कटला, रोहू, मृगळ हेच ठरलं. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, त्यामुळं एकमेकांच्या घासावर कुणी येत नाही. हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडतात. आमचं पाणी नऊ गुंठ्यांचं, म्हणून सहाशे धरली. कागदाच्या तळ्यात खाली माती-गाळ नसतो, तळाला खाणं कमी, म्हणून मृगळ शंभरच घ्यायचं ठरवलं. बाकीचे कटला-रोहू निम्मे निम्मे.

मासे आणण्याआधी पाणी तयार करावं लागतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त जीव इथंच ओतायला हवा. नव्या कागदातलं पाणी काचेसारखं नितळ असतं. बघायला छान, पण माशाला त्यात खायला काही नाही. आम्ही आधी वीस किलो चुना भिजवून, गार करून सगळीकडं शिंपडला. मग ताजं शेण गोणपाटात भरून चारी कोपऱ्यांत दोरीनं लोंबतं सोडलं. नुसतं ओतलं तर ते तळाला बसून कुजतं. गोणीतून अर्क हळूहळू उतरतो. आठवड्याभरानं पाण्याला हिरवट झाक आली. हेच प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, माशाचं पहिलं अन्न. ते पुरेसं झालं का, हे बघायला हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा. तळवा दिसेनासा झाला की पाणी जमलं. स्वच्छ दिसला तर खत कमी पडलं, मनगटालाच गुडूप झाला तर जास्त झालं, मग शेण थांबवायचं. मी अजूनही रोज सकाळी बाही वर सारतो.

माशांचं बी, म्हणजे सोडायची पिल्लं, पावसाळ्यातच मिळतं, कारण हे मासे पावसाळ्यात अंडी घालतात. पूर्वी नदीतून बी गोळा करायचे, त्यात कुठल्याही माशांची पिल्लं मिसळलेली असायची. १० जुलै १९५७ ला हिरालाल चौधरी यांनी ओडिशात अंगुल इथं या माशांचं प्रेरित प्रजनन, म्हणजे इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावणं, यशस्वी केलं, तेव्हापासून हॅचरीतलं (अंडी उबवणी केंद्रातलं) निवडक बी मिळायची वाट खुली झाली. त्या तारखेला आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन पाळतात.

बी घेताना मात्र डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागतं. एका पुरवठादारानं बोटुकली म्हणून इंचभराची पिल्लं दाखवली. भाव बोटुकलीचा, माल जिऱ्याच्या, म्हणजे अंड्यातून नुकत्या निघालेल्या पिल्लांच्या, जरा पुढचा! एवढी लहान पिल्लं किडे आणि बेडूकच संपवतात. तिथून उठलो. दुसऱ्यानं सहज विचारलं, "मांगूर देऊ का? चार-सहा महिन्यांत तयार." हा विदेशी मांगूर आपल्याकडं बंदी असलेला मासा आहे. तो इतर मासे खाऊन टाकतो, आणि तळं भरून वाहिलं की ओढ्यानं कासारीत, तिथून पंचगंगेत जायला त्याला कितीसा वेळ? २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या माणसानं हा विचार करायलाच हवा. आमच्या सांडव्याला म्हणूनच आधी बारीक जाळी बसवली.

तिसऱ्या ठिकाणी माल मनासारखा मिळाला. त्यांनी घमेल्यात पिल्लं घेऊन पाणी हातानं गोल फिरवून दाखवलं. निरोगी पिल्लू त्या धारेच्या उलटं पोहतं, अशक्त असेल ते वाहत जातं. बोटाएवढी चपळ पिल्लं एकजात धारेला तोंड देऊन उभी होती. प्रवासात पाणी घाण होऊ नये म्हणून त्यांना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलं होतं. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या गाडीत घालून पहाटेच निघालो.

तळ्यावर आल्यावर पिशव्या न फोडता तशाच तरंगत ठेवल्या. दोन्ही पाण्यांचं तापमान सारखं व्हायला अर्धा तास द्यायचा. मग तोंड सोडून तळ्याचं पाणी तांब्यातांब्यानं आत घालत गेलो आणि शेवटी पिशवी आडवी केली. ओतायचं नाही, पिल्लं आपसूक बाहेर पडतात. एकेक निघून हिरव्या पाण्यात दिसेनाशी झाली तेव्हा पुतण्या ओरडला, "गेली की हो आण्णा!"

खाद्याला गिरणीतला भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड निम्मी निम्मी भिजवून, भोकं पाडलेल्या पिशवीत भरून बांबूला टांगतो. माशांच्या अंदाजे वजनाच्या दोन-तीन टक्के, त्याहून जास्त नाही. उरलेलं खाद्य पाणी नासवतं.

आभाळ सलग भरून राहिलं की जपावं लागतं. ऊन नसलं की प्लवंग प्राणवायू कमी तयार करतात, आणि रात्री तर सगळेच तो वापरतात. अशाच एका पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले. लगेच मोटर लावली, तळ्यातलंच पाणी उंचावरून तुषार करून तळ्यात पाडलं, खाद्य दिवसभर बंद ठेवलं. ऊन चढेपर्यंत मासे खाली गेले होते.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. ओल्या कागदावर माणसाचा पाय ठरत नाही. पोहता येणारा माणूससुद्धा वर चढू शकत नाही. शेततळ्यात पोरं गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. तारेचं कुंपण आणि चारी बाजूंना गाठी मारलेले जाड दोर बांधल्याशिवाय आम्ही तळ्यावर काम सुरू केलं नाही.

उसाला पाणी देताना आता मीटरपट्टी बघतो. दीड मीटरच्या खाली पाणी उतरू द्यायचं नाही. चांगल्या तळ्यात वर्षात मासा किलोच्या जवळ जातो. ज्येष्ठात पाणी उतरलेलं असतं तेव्हा जाळं ओढणं सोपं, आणि श्रावण लागायच्या आत विकलं पाहिजे, नंतर गिऱ्हाईक नाही. जाळं ओढणाऱ्यांना आताच सांगून ठेवलंय : जाळ्याचा आस (भोक) मोठा आणा, बारके मासे तसेच राहू द्यात.