शून्याभोवतीचा गोल

तीस प्रश्न सात मिनिटांत संपले, तेव्हाच खटकलं. अन्नाच्या ॲलर्जीचा मुलाच्या रोजच्या जगण्यावर किती ताण पडतो हे मोजणारी ही प्रश्नावली. आमच्या बडोद्याच्या ओपीडीत ती भरायला पालकांना निदान पंधरा-वीस मिनिटं लागतात. आठ वर्षांच्या मुलीची आई, दांडिया बाजारातलं मराठी कुटुंब, मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी. उत्तरांची बेरीज ३९. भागिले ३० म्हणजे १.३. या मापात ० म्हणजे काहीच त्रास नाही आणि ६ म्हणजे पराकोटीचा. म्हणजे कागदावर तरी हे घर बऱ्यापैकी निवांत होतं.

पण त्याच कागदाला जोडलेलं दुसरं छोटं पान वेगळंच सांगत होतं. मुलगी चुकून दाणे खाईल अशी शक्यता किती वाटते, खाल्ले तर जिवावर बेतेल असं किती वाटतं, तेव्हा आपल्याला नीट उपचार करता येतील का, असे त्यातले प्रश्न. जिवावर बेतण्याच्या प्रश्नापुढे आईने ५ ला गोल केला होता. हे पान तीस प्रश्नांच्या बेरजेत धरत नाहीत. ते पडताळ्यासाठी असतं. भीती मोठी असेल तर रोजच्या जगण्यावरचा ताणही मोठा निघायला हवा. इथे एकीकडे ५ आणि दुसरीकडे १.३.

प्रश्नावली मूळची युरोपातली. पालकांनी भरायचा नमुना आयर्लंडमधल्या कॉर्क विद्यापीठातल्या ऑड्री डनगॅल्विन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. वय ० ते ३ साठी १४ प्रश्न, ४ ते ६ साठी २६ आणि ७ ते १२ साठी ३०. मनावरचा परिणाम, अन्नाची धास्ती, आणि खाण्यापिण्यावर व लोकांत मिसळण्यावर आलेली बंधनं, असे त्याचे तीन भाग. आम्ही त्याचं मराठी करत होतो. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, दोन्हींतून एक मसुदा काढायचा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने तो पुन्हा इंग्रजीत न्यायचा, आणि मग पाच-आठ पालकांना समोर बसवून प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायला लावायचा. वाचून झाल्यावर ‘यात काय विचारलंय, तुमच्या शब्दांत सांगा’ एवढंच म्हणायचं. सुचवायचं काही नाही, मानही डोलवायची नाही. त्या दिवशीची मुलाखत याच टप्प्यावरची.

पहिली ठेच ‘प्रतिक्रिया’ या शब्दाला लागली. मुलीला प्रतिक्रियेची भीती वाटते का, या प्रश्नाला आईने ० दिला होता. तिचा अर्थ तिने सांगितला: ‘‘लोक काय म्हणतील याची तिला भीती वाटते का, असंच ना? नाही हो, ती कुणाचं मनावर घेत नाही.’’ उलट भाषांतरात हा शब्द बिनबोभाट पास झाला होता, कारण ‘प्रतिक्रिया’चं इंग्रजी करणाऱ्याने ‘रिॲक्शन’च लिहिलं. उलट भाषांतराची खरी उणीव हीच, शब्द जुळतात आणि अर्थ निसटतो. घरात सगळे ‘रिॲक्शन आली’ असंच म्हणतात. मग मसुद्यातही ‘रिॲक्शन’.

‘काळजी’ने उलटी गडबड केली. ‘मुलीच्या खाण्याची काळजी’ याला तिने ६ दिले, पण धास्ती म्हणून नव्हे. ‘‘काळजी तर घेतेच मी.’’ काळजी घेणं आणि काळजी वाटणं मराठीत एकाच शब्दात राहतात, आणि कुठली आई काळजी घेण्यात स्वतःला कमी गुण देईल? तिथे ‘धास्ती वाटते’ घातलं. ‘अपघाताने खाल्लं’चं ‘चुकून खाल्लं’ झालं, आणि ‘शेंगदाणे’च्या जोडीला ‘सिंग’ लिहिलं, कारण बडोद्याच्या मराठी घरांतही दुकानात सिंगच मागतात आणि तेल म्हणजे सिंगतेल.

या तेलावर आई बराच वेळ बोलली, आणि ते योग्यच होतं. पूर्ण रिफाइंड तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत. घाण्याच्या किंवा नुसत्या गाळलेल्या तेलात ती राहू शकतात, आणि ॲलर्जी असते ती प्रथिनांची. पाकीटबंद मालावर शेंगदाणे असल्याचं छापणं बंधनकारक आहे, पण फरसाणच्या दुकानात परातीतून तोलून मिळणाऱ्या शेवेवर लेबल कुठून येणार? एकाच कढईत आधी मसाला सिंग तळलेली असते.

आणि मग बंधनांचा भाग आला. बाहेर खाणं, सहली, वाढदिवस, पाहुण्यांकडे जाणं, सगळीकडे ०. मी विचारलं, ‘‘ताई, हा शून्य कसा ठरवलात?’’

‘‘मॅडम, आम्ही जातच नाही ना. मग अडचण कसली?’’

अशा वेळी ‘तुमचं चुकलं’ म्हणायचं नाही. ठरलेला पुरवणी प्रश्न विचारायचा: ॲलर्जी नसती तर गेला असता का? ती बराच वेळ बोलली नाही. मग पर्समधून चष्म्याची जुनी डबी काढून टेबलावर ठेवली. आत कापसात गुंडाळलेला १ मिलिचा ॲड्रेनॅलिनचा, म्हणजे जीवघेण्या रिॲक्शनवर टोचायच्या औषधाचा, ॲम्प्यूल आणि सिरिंज. मात्रा आधीच भरलेले, थेट टोचायचे ऑटोइंजेक्टर आपल्याकडे सहज मिळत नाहीत, म्हणून बरीच घरं हेच बाळगतात. मात्रा किलोमागे ०.०१ मिग्रॅ, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. मुलीचं वजन २० किलो, म्हणजे ०.२ मिग्रॅ. ॲम्प्यूलमध्ये १ मिलित १ मिग्रॅ, म्हणून ०.२ मिलि. सिरिंजवर त्या रेघेपाशी तिने लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. ‘‘हात थरथरला तरी दिसावा म्हणून. नवरात्रात सोसायटीच्या खाली गरबा असतो. आम्ही गॅलरीतून बघतो.’’

सुधारलेल्या मसुद्यावर तिने पुन्हा गोल केले. बेरीज १११, म्हणजे ३.७. या मापात साधारण अर्ध्या गुणाचा फरकही महत्त्वाचा मानतात, आणि इथे २.४ चा फरक एका दुपारी पडला. मुलीची ॲलर्जी तीच होती. त्वचेला टोचून करायच्या प्रिक टेस्टमध्ये उठलेली गांधीही तीच, ९ मिमी. दोन्ही कागद आम्ही अभ्यासाच्या आकडेवारीत घेतले नाहीत. प्रश्न समजावून सांगितल्यावर आलेलं उत्तर भाषांतर दुरुस्त करायला चालतं, मोजमापाला नाही.

मुलगी शेजारच्या खोलीत आपला कागद भरत होती. ८ ते १२ वर्षांच्या मुलांचा नमुना वेगळा, २४ प्रश्नांचा, आणि त्याचं माप १ ते ७ असतं. त्यामुळे आईच्या आकड्याशी तो सरळ ताडून पाहायचा नाही, आणि भरताना आईला जवळ बसवायचं नाही. सगळ्यात जास्त त्रास कशाचा, असं मी शेवटी तोंडी विचारलं. मला वाटलं होतं, इंजेक्शन म्हणेल. ती म्हणाली, ‘‘आरतीनंतर काका प्रसाद देतात तेव्हा हात मागे घ्यायचा. सगळे बघतात.’’

प्रसाद मूळ तीस प्रश्नांत नाही. तो मध्येच घुसवला तर दुसऱ्या देशांतल्या आकड्यांशी तुलना तुटते. म्हणून प्रसाद, उपासाची खिचडी आणि कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट यांवरचे चार प्रश्न शेवटी वेगळ्या पानावर घेतले, ३१ पासून क्रमांक देऊन. बेरीज मात्र ३० पर्यंतच करायची, असं त्या पानाच्या माथ्यावर ठळक लिहिलं आहे.