करवतकाठीचा काठ शिकताना

बारा वर्षं मी कापडावर काम करत होते. रंगवत होते, भरतकाम करत होते, भिंतीवर लावत होते. पण कापड विणलेलं कायम दुसऱ्याचं. ही बोच फार वाढली तेव्हा एप्रिलमध्ये गोळीबार चौकाजवळ करवतकाठी, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या काठाची साडी, विणणाऱ्या एका कोष्टी आजोबांच्या खड्डामागापाशी जाऊन बसले.

नागपूरचा उन्हाळा आणि कोसा (टसर रेशीम) यांचं जमत नाही. हवा कोरडी पडली की ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, तटातट तुटतो. म्हणून पहाटे साडेपाचला जायचं, मागाखाली पाणी शिंपडायचं, दहाला उठायचं. पहिले दोन महिने आडवा धागा नेणारा धोटा हातात मिळालाच नाही. धोट्यातल्या कांड्या धाग्याने भरायच्या आणि तुटलेली तार सांधायची, एवढंच. आजींची गाठ इतकी बारीक असे की बोटाला लागायची नाही. माझी लांबूनही दिसायची. भंडारा-गडचिरोलीकडच्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवरचे हे कोष. त्यांच्या मधाळ रंगात किती छटा असतात, हे कांड्या भरतानाच कळलं.

खरं अवघड होतं ते काठाचं. करवतकाठीला तीन धोटे लागतात: दोन काठांचे, एक अंगाचा. दर आडव्या तारेला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवायचा, आणि करवतीचा दाता चढेल-उतरेल तशी ती जागा सरकवायची. एकदा विसरलं की फट पडते. उजवा काठ माझा, डावा पलीकडे बसलेल्या आजींचा. माझा उसवायचा म्हणजे त्यांचाही उसवायचा, याची मला फार लाज वाटे. आजोबा एवढंच म्हणत, "काहून घाई करून राहिली व पोरी?"

या शहरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे बंदही पडली. हा माग चालू आहे. साध्या यंत्रमागावर ही सांधणी होत नाही, आणि तिला नुसती कारागिरी म्हणणाऱ्यांशी मी आता भांडते.

जुलैत पाऊस लागला, ताणा निवला. हातही निवला असावा. नोव्हेंबरात एका सकाळी आजोबांनी वीतभर विणलेला काठ दोन्ही हातांनी ताणून खिडकीकडे बघितलं. उजेड कुठूनच आला नाही. ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आजी पलीकडे बसल्या नाहीत. तीनही धोटे माझ्या पुढ्यात ठेवलेले होते.