तुम्ही विचारलंत म्हणून: घरचं पाणी बाटलीत आणून देऊ का?

न्यू जर्सीतल्या एका प्रयोगशाळेत मी पाण्यातलं पीफास (PFAS) मोजते, म्हणजे पाणी-तेल चिकटू न देणारी आणि निसर्गात सहजी न मोडणारी मानवनिर्मित रसायनं. मंडळाच्या गणपतीत हमखास कुणीतरी विचारतं, "घरचं पाणी बाटलीत भरून आणते, जरा बघून सांगशील?" हल्ली चिपळूणची मावसबहीणही तेच विचारते. इटलीत विचेन्झाजवळच्या मितेनी कारखान्यानं तिथलं भूजल पीफासनं नासवलं, 2018 साली त्याचं दिवाळं निघालं आणि त्याची यंत्रं चिपळूणजवळच्या लोटे परशुरामला आली. तिची काळजी मला कळते. तरीही माझं उत्तर 'तसं आणू नका' हेच.

अमेरिकेत 2024 साली पिण्याच्या पाण्यातल्या पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीफासची मर्यादा ठरली: प्रत्येकी लिटरमागे 4 नॅनोग्रॅम. ऑलिम्पिकच्या 25 लाख लिटरच्या तलावात तांदळाचा अर्धा दाणा विरघळवावा, इतकं. आणि हे पीफास असतं कुठे? नळाच्या आट्यांवरच्या टेफ्लॉन टेपमध्ये, रेनकोटात. आमच्या यंत्रातल्या टेफ्लॉनच्या नळ्यासुद्धा आम्ही काढून टाकल्यात.

नमुन्यात ते बाहेरूनही सहज मिसळतं; तसं झालंय का हे कळावं म्हणून ब्लँक, म्हणजे तुलनेसाठी कोरा नमुना, लागतो. नमुना घेणारा आमच्याकडून पीफास नसलेल्या पाण्याची एक बाटली नेतो आणि नळापाशी उभा राहून ते पाणी दुसऱ्या रिकाम्या बाटलीत ओततो. त्या पाण्याला फक्त तिथली हवा आणि त्याचे हात लागलेले असतात. एकदा पावसात घेतलेले नमुने आले आणि ब्लँकमध्येच पीएफओएस निघालं. नमुने घेणाऱ्या मुलाला फोन केला, तर त्यानं नवंकोरं वॉटरप्रूफ जॅकेट घातलं होतं. त्या दिवसाचे सगळे नमुने पुन्हा नव्यानं घ्यावे लागले. ब्लँक नसता, तर ते आकडे आम्ही खरे मानून एका गावाला कळवले असते. त्या विचारानं आजही पोटात गोळा येतो.

सांडपाण्याचं आणखी वेगळं. प्रक्रिया होऊन बाहेर पडलेल्या पाण्यात कधीकधी आत आलेल्यापेक्षा जास्त पीएफओए सापडतं. प्लँटवाल्यांना वाटतं, आम्ही चुकलो. पण टाक्यांमधले जिवाणू पीफासचे दुसरे मोठे रेणू तोडतात आणि त्यातून पीएफओए तयार होतं. ते मोठे रेणू आमच्या मोजायच्या यादीत नसले, तर आत येताना ते आम्हाला दिसतच नाहीत.

गेल्या वर्षी विहिरीचं पाणी पिणाऱ्या एका काकू कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी घेऊन आल्या होत्या. ती बाटली मी घेतली नाही; त्यांना फार वाईट वाटलं. मग आमच्या पॉलिप्रॉपिलिनच्या बाटल्या आणि नायट्राइलचे हातमोजे दिले, पाणी आधी चार-पाच मिनिटं वाहू द्यायला सांगितलं, उकळून पिऊ नका हेही सांगितलं. पीफास उकळल्यानं जात नाही. काकूंनी ब्लँकही नीट ओतला, दोन्ही बाटल्या बर्फात ठेवून आणल्या. ब्लँक स्वच्छ निघाला. विहिरीत पीएफओए होतं, लिटरमागे 6 नॅनोग्रॅम. आता ओट्याखाली आरओ बसवलाय, आणि त्यानंतरच्या पाण्याची बाटली परवाच माझ्या टेबलावर आली.