भिंतीपलीकडचं ग्रीन

मी स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकला राहते आणि गोल्फ खेळते असं कळलं, की पुण्या-मुंबईचे गोल्फवाले हटकून म्युअरफिल्ड या गोल्फ कोर्सबद्दल विचारतात. ते शेजारच्या गलन गावात. कोर्स थोरच आहे. पहिले नऊ होल, म्हणजे खेळाचे नऊ टप्पे, बाहेरून एका दिशेने फिरतात, पुढचे नऊ आतून उलट, त्यामुळे वारा कधी तोंडावर तर कधी पाठीवर. 2017 च्या मतदानापर्यंत तिथे बाईला सभासद होता येत नव्हतं. 2022 मध्ये मात्र तिथेच महिलांची ओपन ही मोठी स्पर्धा झाली आणि अ‍ॅशली बुहाई जिंकली. मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

पण जीव रमतो तो आमच्या गावातल्या वेस्ट लिंक्स या समुद्रकाठच्या कोर्सवर.

इथे जाताना पश्चिमेकडे खेळायचं आणि येताना पूर्वेकडे. वारा बहुतेक पश्चिमेचाच, म्हणजे परतीला पाठीवर. ऐकायला सोपं वाटतं. तेराव्या होलला, ‘पिट’ला, त्याचा अर्थ कळतो. डाव्या हाताला जुनी बसकी दगडी भिंत चालत येते आणि ग्रीन, म्हणजे झेंडा असलेली बारीक गवताची जागा, असतं भिंतीच्या पलीकडे, वाळूच्या टेकाडाला खेटून. भिंतीवरून चेंडू उचलून टाकायचा, आणि पाठीवरचा वारा तो थांबू देत नाही. पहिला फटका जितका उजवीकडे ठेवाल तितका भिंतीवरून जायचा कोन सुधारतो. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिल्यावर मात्र मन डावीकडे, जवळच्या वाटेकडेच ओढ घेतं. आजच्या काळात कोणी ही भिंत ठेवली नसती. इथे ती राहिली, आणि तिच्यामुळेच हा होल आहे.

पंधरावा ‘रेडॅन’. हे नाव क्रिमियन युद्धातल्या सेव्हास्तपोलच्या तटबंदीवरून आलं. जेमतेम 190 यार्डांचा पार-तीन, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा होल. मधल्या उंचवट्यामुळे ग्रीन टीवरून नीट दिसत नाही. ते तिरकं पसरलेलं, मागे डावीकडे उतरत जाणारं, डाव्या बाजूला खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. झेंड्यावर नेम धरण्यापेक्षा ग्रीनच्या उजव्या तोंडावर चेंडू टाकायचा आणि बाकीचं काम उतारावर सोडायचं. चांगला लागला की चेंडू कडेकडेने वळत झेंड्याकडे घरंगळतो. या होलच्या नकला जगभर झाल्या, पण अस्सल इथेच.

गलनच्या नंबर एक कोर्सचा सातवा होल टेकडीच्या माथ्यावरून खाली उतरतो, समोर सगळा समुद्र. नजारा म्हणाल तर त्याला तोड नाही. मला गलनचं खरं कौतुक आहे ते मुलांच्या सहा होलच्या कोर्सचं. मुलांना फुकट, आणि मोठ्यांना खेळायचं तर सोबत मूल हवं. माझी लेक तिथेच शिकली. अशी जागा प्रत्येक गोल्फच्या गावात असावी.

मसलबरा गावची गोष्ट वेगळी. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात वसलेले नऊ होल. 1874 ते 1889 दरम्यान सहा वेळा पुरुषांची ओपन इथे झाली. सपाट आणि छोटं, त्यामुळे पाहुण्यांना पहिल्यांदा फारसं काही वाटत नाही. मला मात्र तिथे गेलं की गावच्या कोळणी आठवतात. 1810 च्या डिसेंबरमध्ये इथल्या क्लबने ठरवलं, की येत्या जानेवारीत कोळणींमध्ये जी उत्तम खेळेल तिला मासळीची नवी टोपली द्यायची. बक्षिसांत बार्सिलोनाचे रेशमी रुमालही होते. मी मालवणची, डोक्यावर पाटी घेऊन चालणाऱ्या बायका बघत वाढले. त्यांच्यासारख्या बायका दोनशे वर्षांपूर्वी या गवतावर स्पर्धेसाठी उतरणार होत्या, हे वाचल्यापासून हे नऊ होल मला आपले वाटतात.

तिथे हिकोरी लाकडाच्या दांड्यांचे जुने क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, भाड्याने मिळतात. त्यांनी जोर लावून चालत नाही, फटका सावकाश घ्यावा लागतो. जूनमध्ये आत्येभाऊ येतोय. त्याला आधी तिकडे नेणार, आणि वेस्ट लिंक्सवरची वेळ मी आत्ताच लावून ठेवली आहे.