जोडबीडची गिधाडं: थंडीतली एक सकाळ

बिकानेर शहरातून गाडीने जोडबीड अर्ध्या तासाच्या आत येतं. आसपासची मेलेली गुरं आणि उंट इथे आणून टाकतात. वाचून नाक मुरडू नका. दर हिवाळ्यात मध्य आशियातून आणि हिमालयाकडून गिधाडं इथे उतरतात, आणि इतकी गिधाडं एका जागी मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

जानेवारीत गेलो होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरा. आम्ही उजाडताच पोचलो, पण धुक्यात झाडांवर नुसते काळे गोळे दिसत होते. जमीन तापून हवा वर चढू लागल्याशिवाय ही जड पाखरं उडत नाहीत. आठनंतर पोचलात तरी चालेल.

वास येतो, जबरदस्त येतो. पंधरा-वीस मिनिटांत नाक सरावतं. कपड्यांचा जोड आणि चपला वेगळ्या ठेवा, पिशवीत बांधून परत आणता येतात. मोकाट कुत्री फार आहेत आणि ती माणसाला भीत नाहीत, म्हणून पायी फिरू नका. वाट माहीत असलेला स्थानिक वाटाड्या घ्या आणि गाडीतूनच बघा. पाखरं तशीही गाडीला बुजत नाहीत, खाली उतरलेल्या माणसाला बुजतात.

नुकत्याच टाकलेल्या एका गायीपासून आम्ही तीसेक पावलांवर थांबलो. भोवती ग्रिफॉन, म्हणजे लांब मानेची मोठी तपकिरी गिधाडं, ताटकळत बसले होते. मग काळं गिधाड आलं, स्पेनपासून मंगोलियापर्यंत वीण करणारी जात. खांदे उचलून, सावकाश चालत. बाकीची बाजूला झाली. त्याने जाड चोचीने कातडं धरलं आणि पाय रोवून ओढलं, तो फाटल्याचा आवाज गाडीत ऐकू आला. मग ग्रिफॉन तुटून पडले. एकाने खांद्यापर्यंत मान आत घातली. बाहेर काढली तेव्हा ती लालभडक, ओली होती. पिसांनी भरलेली मान असती तर ते रक्त कसं निघालं असतं! पिवळ्या तोंडाची पांढरी गिधाडं कडेकडेने बारीक तुकडे टिपत होती.

ओळखताना गोंधळ होतो तो दोन ग्रिफॉनमध्ये. युरेशियनच्या पिसांत विटकरी झाक असते. हिमालयीन जातीची लहान पाखरं गडद तपकिरी, अंगावर फिक्या रेघा. दुर्बीण हवीच.

जगात गिधाडांच्या 23 जाती, त्यातल्या 9 भारतात. पांढऱ्या पाठीचं गिधाड मात्र दिवसभरात एकही दिसलं नाही. एके काळी लाखोंनी असलेली ही जात 99 टक्क्यांहून जास्त घटली, कारण गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मढ्यातून पोटात गेलं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. गुरांसाठी त्यावर 2006 साली बंदी आली. तुमच्या ओळखीत कुणाकडे गुरं असतील तर त्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे औषध सुचवा. ते गिधाडांना सुरक्षित आहे.

दुपारी ऊन चढल्यावर ती एकेक करून वर गेली, पंख न हलवता, घिरट्या घेत. परतताना मान वर करूनच बसलो होतो.