तुम्ही विचारलंत म्हणून: भावंडांचं भांडण बघून हसू कसं येतं?

"रोज कोर्टात सख्ख्या भावंडांची भांडणं बघता, मग सुट्टीच्या दिवशी परत तसलेच सिनेमे कशाला बघता? आणि बघताना हसता कसे?"

हा प्रश्न पहिल्यांदा माझ्या भाचीने विचारला. नंतर ऑफिसात शिकायला येणाऱ्या तरुण वकिलांनी विचारला, शेजाऱ्यांनी विचारला, एकदा तर एका पक्षकारानेच विचारला. मी दरवेळी "आवडतात" एवढंच म्हणून सोडून देत आलो. आज नीट सांगतो.

मी फोंड्याला एका वकिलांकडे चौतीस वर्षं कारकून आहे. आमच्याकडे येणारं निम्मं काम इन्व्हेंटरीचं. गोव्याबाहेरच्या वाचकांना हा शब्द दुकानातल्या मालाच्या यादीसारखा वाटेल. इथे त्याचा अर्थ वारसांमधली वाटणी. पोर्तुगिजांचा १८६७चा दिवाणी कायदा मुक्तीनंतरही गोव्यात चालू राहिला. वारसाहक्काचा भाग आता गोव्याने स्वतः केलेल्या २०१२च्या कायद्यात आहे आणि तो लागू झाला २२ डिसेंबर २०१६ला. मुलगा आणि मुलगी सारखेच वाटेकरी. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एक होते, त्यामुळे वडील गेले तर अर्धं आईचंच असतं आणि उरलेल्या अर्ध्याचे मुलांत समान भाग पडतात. मृत्युपत्र करून सगळं एकाच लाडक्याला देऊन टाकता येत नाही. आपल्या वाट्यातला अर्धा भाग मुलांसाठी ठेवावाच लागतो. सुना आणि जावईही कागदावर येतात. त्यांच्याही सह्या लागतात.

मग यादी होते. घर, कुळागर म्हणजे पोफळीची बाग, माडांची जमीन, बँकेतल्या ठेवी, सोनं. प्रत्येकाची किंमत ठरते. आणि एकच गोष्ट दोघांना हवी असेल तर वाटेकरी आपसांत बोली लावतात. हो, कोर्टात, एकमेकांविरुद्ध. ज्याची बोली मोठी त्याला ती मिळते आणि आपल्या हिश्श्यापेक्षा जास्त घेतलं असेल तर फरकाची रक्कम त्याने बाकीच्यांना द्यायची. ज्या घरात एका ताटात जेवले त्याच घरासाठी सख्खे भाऊ आकडे बोलतात. हे मी शेकडो वेळा पाहिलंय आणि अजून मला त्याची सवय झालेली नाही.

असाच एक दिवस सांगतो. नावं-गावं सोडून देतो. दोन भाऊ, एक बहीण. घरावर दोघांचाही डोळा. सकाळपासून बोली चढत होती. पंचवीस हजारांनी एक वाढवायचा, पंचवीस हजारांनी दुसरा. दोघंही एकमेकांकडे न बघता वकिलांकडे बघून आकडा सांगायचे. दुपारी जेवणाची सुट्टी झाली. कोर्टाजवळच्या हॉटेलात मी भाजी-पाव खायला गेलो तर जागा नव्हती म्हणून दोघं भाऊ एकाच टेबलावर बसलेले, मधे पाण्याचा जग. पोरगा दोन बशा घेऊन आला. धाकट्याच्या पुढे बशी ठेवणार एवढ्यात मोठा भाऊ भिंतीकडे बघत म्हणाला, "ताका आळसांदे नाकात. बटाट भाजी हाड." म्हणजे, त्याला चवळी नको, बटाट्याची भाजी आण.

पोरगा बशी घेऊन परत गेला. धाकट्याने मान वर केली नाही. बटाट्याची भाजी आली, ती त्याने सगळी खाल्ली. अडीच वाजता दोघं परत कोर्टात गेले आणि पहिली बोली त्या मोठ्यानेच वाढवली.

त्या दिवशी बसने घरी जाताना मला हसू यायचं आणि त्याच वेळी घसा दाटून यायचा. तुम्ही मला विचारता ना, हसता कसे, तर असा. ते हसू त्या भावांची टिंगल करणारं नव्हतं. ज्याच्याशी आपण सर्वांत कडवटपणे भांडतो त्यालाच आपल्याला काय पचत नाही हे ठाऊक असतं, हे समोर दिसल्यावर आलेलं ते हसू होतं. आमच्या फायलीत हे लिहायला रकाना नाही. चांगल्या सिनेमात असतो.

हिंदीतला 'कपूर अँड सन्स' घ्या, २०१६चा, शकुन बत्राचा. कुन्नूरचं घर, नव्वदीतले आजोबा, आणि त्यांची एक इच्छा: सगळ्या कुटुंबाचा एक फोटो. दोन भाऊ, दोघंही लेखक. मोठा आईचा आदर्श मुलगा, धाकटा कुठेच न टिकणारा. धाकट्याच्या मनात वर्षानुवर्षं एक संशय घर करून आहे की आपलं लिखाण मोठ्याने चोरलं. मला त्यातली फोटोची जागा सर्वांत खरी वाटते. सगळे नटून-थटून जमलेत, आजोबा खुर्चीत बसलेत, आणि नेमका तेव्हाच एकेकाचा बांध फुटत जातो. आमच्या घरांत लग्नाच्या, बारशाच्या, मुंजीच्या दिवशी नेमकं हेच होतं. वर्षभर फोनवर गोड बोलणारी माणसं एका ओळीत उभी राहिली की कोण कुणाच्या शेजारी उभा राहील यावरून सगळं बाहेर येतं.

अशा सिनेमांत भांडण कसल्यातरी वस्तूवरून होतं, पण वस्तू हे कारण नसतं. ज्या दिग्दर्शकाला हे कळतं त्याचा सिनेमा मी तीन-तीनदा बघतो. आणि ज्याला कळत नाही त्याचा अर्ध्यावर सोडतो. घर फोडणारी सून, भोळा थोरला, लोभी धाकटा, आणि शेवटी देवघरासमोर सगळे गळ्यात गळे घालून रडतात, हे मला पटत नाही. चौतीस वर्षांत मला घर फोडणारी सून एकदाही भेटली नाही. नवऱ्याने तोंड उघडलं नाही म्हणून बोलावं लागलेल्या सुना पुष्कळ भेटल्या. बहिणीचंही तसंच. बऱ्याच सिनेमांत बहीण भावांच्या भांडणात रडायला आणि राखी बांधायला तेवढी असते. आमच्याकडे ती बरोबरीची वाटेकरी आहे. कुणी हक्क सोडून सही करते, कुणी आपला भाग मागते, आणि मागणाऱ्या बहिणीला माहेरी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, बोलावणं येईल की नाही, हा प्रश्न तिला कोर्टापेक्षा जास्त छळतो. त्या बहिणीवर कुणीतरी सिनेमा करावा असं मला फार वाटतं. ती बोली लावताना आवाज कसा खाली घेते ते मी कुणालाही सांगायला तयार आहे.

आता माझ्याबद्दल. कारण खरं उत्तर तिथे आहे.

आमचं मूळ घर प्रियोळला. वडील २०१३ साली गेले. आम्ही तिघं: दादा, मी आणि आमची ताई. दादा मडगावला, ताई पणजीला, मी गावातच, आईपाशी. वर्षभर घरात मी, आई आणि माझं कुटुंब. चवथीला मात्र सगळे. गणपतीच्या वर जी माटोळी बांधतात ती आमच्या घरी वडिलांनी करून घेतलेल्या सागवानी चौकटीला बांधतात. नारळाचा घोस, पोफळाचं शिपटं, तवशी, आंबाडे, कांगलां, निरफणस. वडील असताना रीत ठरलेली. दादा स्टुलावर उभा राहून बांधणार, मी खालून एकेक फळ देणार, वडील दाराशी बसून "थोडं डावीकडे" म्हणणार. आम्ही पोरं होतो तेव्हापासून दादाची जागा वर आणि माझी खाली.

२०१६ची चवथ ५ सप्टेंबरला होती. आदल्या दिवशी मी बाणस्तारीच्या बाजारातून माटोळीचं सामान आणलं. दादा दुपारपर्यंत येणार होता. चार वाजले, पाच वाजले. पाऊस धो-धो. आई सारखी दाराशी जाऊन रस्त्याकडे बघायची. साडेसहाला मी स्टूल घेतलं, मुलाला खाली उभं केलं आणि माटोळी बांधून टाकली. दादा साडेसातला पोचला. ओला छत्रीसकट खोलीत आला, वर बघितलं, आणि एवढंच म्हणाला, "म्हणजे आता माझी गरज उरली नाही तर."

त्यावर मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्याने कौलं काढून स्लॅब घालायची गोष्ट काढली, मी आईच्या औषधांचा हिशेब काढला, त्याने कुळागराचं उत्पन्न काढलं. वीस मिनिटांत पंचवीस वर्षं बाहेर आली. बोललो सगळं जमिनीबद्दल आणि पैशांबद्दल. स्टुलाचं नाव दोघांनीही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर तो न जेवता गेला. आईने त्याच्यासाठी वाढलेलं पान तसंच झाकून ठेवलं, संध्याकाळपर्यंत कुणाला उचलू दिलं नाही.

दोन महिने आम्ही बोललो नाही. नोव्हेंबरात राजेश मापुस्करांचा 'व्हेंटिलेटर' आला. ताईने तीन तिकिटं काढली आणि दोघांनाही वेगवेगळं सांगितलं की मला सोबत नाही, तू चल. पणजीच्या थिएटराच्या दाराशी पोचलो तेव्हा आम्हांला कळलं. ताई मधे बसली.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी: घरातले गजाकाका व्हेंटिलेटरवर आहेत, गणपती तोंडावर आलेत, आणि मुंबईचे नि कोकणातले सगळे नातेवाईक इस्पितळात जमलेत. काका आता गेले तर सुतक, सुतक आलं तर गणपती नाही. माणूस जगावा ही प्रार्थना आणि निदान गणपतीपर्यंत तरी जगावा हा हिशेब, दोन्ही एकाच तोंडातून निघतात. या सिनेमाला पुढे दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. मला विचाराल तर ज्या घरात चवथ होते त्या घराला हा सिनेमा कुणी समजावून सांगावा लागत नाही. आमच्या एका काकांच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याच वसरीवर हेच बोलणं झालेलं मी कानांनी ऐकलं होतं. दादानेही ऐकलं होतं.

म्हणून त्या जागी थिएटरात आणखी कुणी हसायच्या आधी दोन माणसं हसली. ताईच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला तो. एकाच क्षणाला. ताईने पडद्यावरची नजर हलवली नाही, पण तिने दोन्ही हात दोन्ही बाजूंना खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले. पुढे बाप-लेकाची गोष्ट येते तेव्हा दादाने चष्मा काढून रुमालाने पुसला आणि बराच वेळ पुसत राहिला.

परत येताना त्याच्या गाडीत मी पुढे बसलो. त्याला मडगावला जायचं होतं, तरी आधी मला गावी सोडायला आला. जुनं गोवें गेलं, बाणस्तारीचा पूल आला. पुलावर तो म्हणाला, "पाडेली केन्ना येता?"

नारळ पाडणारा माणूस कधी येणार, एवढंच. मी म्हटलं, पुढच्या सोमवारी. तो म्हणाला, मी येतो.

आमची इन्व्हेंटरी टळली नाही. २०१७ साली ती झाली, सगळ्यांच्या संमतीने, बोली न लावता. कच्ची यादी मी टाईप केली. घर, कुळागर, माड, आईचं सोनं, पितळेच्या समया, तांब्याचं भाण, सगळं नोंदवलं. माटोळीच्या चौकटीपाशी मी थांबलो. दादा शेजारी उभा होता. कुणाच्या वाट्याला लिहू असं मी विचारणार होतो, तेवढ्यात ताई म्हणाली, "ती नको लिहू." आम्ही ती लिहिली नाही. कायद्याने ती कुणाच्या मालकीची हे आजही सांगता यायचं नाही. ती छताला आहे.

पुढची सगळी वर्षं दादा वेळेवर आला. मी खालून फळं देत राहिलो, तो बांधत राहिला. गेल्या वर्षी आल्या-आल्या तो गुडघ्यावर हात ठेवून खुर्चीत बसला. सामान मांडून झालं, स्टूल ठेवलं, तरी उठेना. मग म्हणाला, "चड तूं. हांव दितां."

मी वर चढलो. दादाने पहिला नारळ हातात दिला, मग शिपटं, मग तवशी. मी दोरी बांधत होतो आणि तो मान वर करून बघत होता.

"गांठ घट मार," तो खालून म्हणाला. "देवाचे तकलेर पडटलें." देवाच्या डोक्यावर पडेल, म्हणजे.

मी गाठ सोडून परत बांधली.