पाटा, कानस आणि जुनी कुऱ्हाड

जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या घरामागे निंबाच्या झाडाखाली माझी एक लहान भट्टी आहे. तिथे मी विळे, खुरपी आणि छन्न्या घडवतो, आणि त्यासाठी लागणारे जवळजवळ सगळे पोलाद भंगाराच्या दुकानातून आणतो. बाजारात नवी लोखंडी पट्टी सहज मिळते. पण ती बहुधा मऊ लोखंडाची असते आणि तिच्यात कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपासच असल्यामुळे तिला कितीही वेळा पाणी दिले, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केले, तरी विळ्याची धार टिकत नाही. याउलट मालमोटारीच्या कमानीच्या, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, तुटक्या पाट्यात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो. जी वस्तू आयुष्यभर ओझ्याखाली वाकून पुन्हा सरळ होत राहिली, ती चांगल्या पोलादाचीच असणार, हा भंगारातल्या पारखीचा पहिला धडा आहे.

हा धडा मला आमच्या आठवडे बाजारात बसणाऱ्या एका म्हाताऱ्या लोहारबाबांनी दिला. मी निवडलेला तुकडा त्यांनी ऐरणीच्या कडेवर हलकेच आपटला, त्याचा खणखणीत आवाज ऐकला आणि म्हणाले, “हाई पोलाद शे, भाऊ.” माझा कान अजून तितका तयार नाही, म्हणून मी ग्राइंडरच्या ठिणग्यांवर भरवसा ठेवतो. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि कमी फाटे फुटणाऱ्या असतात. कानशीसारख्या भरपूर कार्बनच्या पोलादाला दगड लागला, की ठिणग्या जवळच फुटून त्यांचा दाट झुपका होतो; पाट्याच्या ठिणग्या या दोहोंच्या मधल्या असतात. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ठिणग्या आखूड आणि लालसर निघतात, आणि त्या दिसल्या की मी तो तुकडा परत ठेवतो, कारण बीड तापवून ठोकले की ते लांबत नाही, त्याचे तुकडे होतात.

पहिला विळा मात्र मी हातचा घालवला. पाटा घडून झाल्यावर तो लालबुंद तापवला आणि उत्साहाच्या भरात सरळ पाण्याच्या बादलीत बुडवला. ‘टिच्’ असा बारीक आवाज आला. बाहेर काढून पुसल्यावर धारेपासून पाठीपर्यंत केसाएवढी भेग दिसली, आणि दोन दिवसांची मेहनत त्या भेगेत गेली. पाण्यात असे पोलाद फार झपाट्याने थंड होते आणि आतल्या ताणाने तडकते. तेव्हापासून मी कोमट तेल वापरतो. पातं चुंबकाला चिकटेनासे झाले, म्हणजे सुमारे ७७० अंश सेल्सिअस ओलांडले, की थोडे आणखी तापवायचे आणि टोकाकडून सरळ तेलात सोडायचे. बाहेर काढलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते घासून उजळ करून मंद आचेवर, २०० अंशांच्या थोडे पुढे, वाळक्या कडब्याचा पिवळा रंग चढेपर्यंत धरायचे. उन्हात हे रंग ओळखता येत नाहीत. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, त्यामुळे तशीही मी भट्टी पहाटेच पेटवतो.

जुन्या कानशीची छन्नी उत्तम होते. मात्र ठोकण्याआधी तिचे दाते घासून काढायला हवेत, नाहीतर ते आत दुमडून भेगांचे बी पेरून ठेवतात.

काही गोष्टी कितीही स्वस्त मिळाल्या तरी मी घेत नाही. जस्ताचा मुलामा असलेला पाइप भट्टीत गेला की पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेल्यावर थंडी वाजून ताप भरतो. मोटारसायकलचा बंद शॉकॲब्सॉर्बर तापवला तर आतल्या दाबाने फुटतो. भुसावळ जवळ असल्यामुळे रुळाचा तुकडा ऐरणीसाठी देऊ करणारे भेटतात. परंतु रेल्वेचा माल बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून त्याच्या उगमाचा कागद दाखवल्याशिवाय मी त्याला हात लावत नाही.

जुन्या अवजारांच्या बाबतीत माझा आग्रह एवढाच आहे, की जे दुरुस्त होऊ शकते ते वितळवू नये आणि ठोकूनही बदलू नये. गेल्या हिवाळ्यात भंगाराच्या ढिगात एक कुऱ्हाड मिळाली. दांडा नव्हता आणि गंजाने सगळे अंग खरबरीत झाले होते. ती रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली, सकाळी तारेच्या ब्रशने घासली, तेव्हा धारेलगत एक फिकट रेषा उमटली: मऊ लोखंडाच्या अंगात पोलादाची पट्टी तापवून ठोकून जोडलेली होती. कोणा लोहाराने महागडे पोलाद फक्त धारेपुरतेच वापरले होते. मी तिला भट्टीत घातले नाही, कारण तसे केल्यास धारेचा कडकपणा गेला असता. हाताने दगडावर धार लावली, बाभळीचा दांडा तासून बसवला, आणि आता तिने मी भट्टीसाठी सरपण फोडतो.